४२९४९६७२९७ : एका संख्येची चिरफाड

शेषफळ

गणित विभागात मोठ्या संख्यांवरचे धागे बहुतेक वेळा "किती मोठी!" या आश्चर्यावरच संपतात. इथे एकच संख्या घेऊ आणि तिला पूर्ण उलगडू. संख्या आहे ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दहाच अंक आहेत, त्यामुळे कागद-पेन्सिलीच्या आवाक्यात राहते.

ही संख्या म्हणजे २^३२ + १. (घातासाठी ^ वापरतोय. कुणी सी भाषेत जसंच्या तसं टाइप करू नका, खाली त्यावर कुणीतरी लिहीलच.)

पार्श्वभूमी थोडक्यात. २^१+१, २^२+१, २^४+१, २^८+१, २^१६+१ या संख्या अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. पाचही मूळ संख्या. या मालिकेतल्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं फ्रेंच गणिती फर्माला वाटत होतं. १६४० च्या पत्रव्यवहारात त्याने ते मांडलं, पण सिद्धता मिळत नाही हेही लिहिलं. १७२९ मध्ये गोल्डबाखने ऑयलरला पत्रातून याबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की पुढचीच संख्या, म्हणजे आपली ४२९४९६७२९७, ६४१ ने निःशेष भागली जाते. मालिकेत ३ ला फ०, ५ ला फ१ असं म्हणत गेलं की आपली संख्या फ५.

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

आधी भागाकार हाताने करा. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा.

४२९४ मध्ये ६४१ सहा वेळा (३८४६), बाकी ४४८.
९ उतरवा: ४४८९, सात वेळा (४४८७), बाकी २.
६ उतरवा: २६, भाग जात नाही, ०.
७ उतरवा: २६७, भाग जात नाही, पुन्हा ०.
२ उतरवा: २६७२, चार वेळा (२५६४), बाकी १०८.
९ उतरवा: १०८९, एकदा, बाकी ४४८.
७ उतरवा: ४४८७, सात वेळा, बाकी ०.

बाकी ४४८ दोनदा आली हे बघा. पहिल्यांदा तिच्यापुढे ९ उतरला म्हणून २ उरले, दुसऱ्यांदा ७ उतरला म्हणून सगळं फिटलं. चूक होते ती मधल्या दोन शून्यांपाशी. ती गाळली की उत्तर ६७४१७ येतं आणि बाकी तरीही शून्यच राहते, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही.

धाग्यात एवढंच पाळू: जे लिहाल ते दुसऱ्याला कागदावर किंवा दहा ओळींच्या प्रोग्रॅमने तपासता आलं पाहिजे.

पाटीवरचा_खडू

दोन शून्यांचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा वाईट आहे. शाळेत शिकवलेला ताळा इथे उपयोगी पडत नाही.

नऊचा ताळा: आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ५९, तिची १४, तिची ५. ६४१ ची ११, म्हणजे २. ६७००४१७ ची २५, म्हणजे ७. २ × ७ = १४, म्हणजे ५. जमलं. पण ६७४१७ च्या अंकांची बेरीजही २५ च! शून्य गाळल्याने बेरीज बदलतच नाही.

अकराचा ताळा (उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे): आपल्या संख्येचा −१७, म्हणजे ५. ६४१ चा ३. ६७००४१७ चा ९. ३ × ९ = २७, म्हणजे ५. जमलं. आणि ६७४१७ चाही ९ च, कारण गाळलेली शून्यं दोन आहेत. बाकीच्या अंकांचं सम-विषम स्थान तसंच राहिलं. एकच शून्य गाळलं असतं तर अकराने पकडलं असतं.

सातचा ताळा मात्र पकडतो. २^३२ ला ७ ने भागल्यावर ४ उरतात, म्हणून आपल्या संख्येची बाकी ५. ६४१ ची बाकी ४, ६७००४१७ ची ३, गुणाकार १२, बाकी ५. बरोबर. पण ६७४१७ = ७ × ९६३१, बाकी शून्य. तिथेच चोर सापडतो.

यापेक्षाही सोपं म्हणजे अदमास. सहाशे गुणिले सदुसष्ट हजार म्हणजे चार कोटी. आपल्याला चारशे कोटी हवे आहेत. अदमास आधी, ताळा नंतर.

कर्णरेषा

"ऑयलरला ६४१ कसा सुचला" असं गूढ करून सांगतात. यात गूढ काही नाही. उमेदवारच फार थोडे आहेत.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. म्हणजे प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे प−१, भाजकाला एक कमी). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. म्हणून २ चे घात घेत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा येते तो घात ६४ चा विभाजक असणार. तो ३२ किंवा त्याहून लहान असता तर २^३२ ची बाकी १ आली असती, −१ नव्हे. म्हणून तो घात नेमका ६४. आणि फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार २^(प−१) ची बाकी १, म्हणून ६४ हा प−१ चा विभाजक.

निष्कर्ष: प = ६४क + १. यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते.

१८७८ मध्ये ल्यूकाने यादी आणखी छाटली. प ला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, आणि अशा मूळ संख्येसाठी २ हा कुठल्यातरी संख्येच्या वर्गाची बाकी असतो. त्या संख्येला म म्हणा. २ चा क्रम (बाकी १ पहिल्यांदा येते तो घात) ६४, तर म चा क्रम १२८. म्हणून प = १२८क + १. आता यादी: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. मूळ फक्त २५७ आणि ६४१.

फर्माने स्वतःचंच प्रमेय स्वतःच्या अंदाजावर चालवलं असतं तर पाच भागाकारांत अंदाज कोसळला असता. मला यात सगळ्यात विचित्र वाटतं ते हेच.

आणि भागाकार न करताही ६४१ सिद्ध होतो:

६४१ = ५ × २^७ + १, म्हणून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात करा: ५^४ × २^२८ ची बाकी १.
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतात.
मग −२^४ × २^२८ = −२^३२ ची बाकी १. म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो.

मनीमाऊ_७

दोन शंका. (१) ल्यूकाच्या यादीत २५७ आहे, मग त्याने भागून बघायलाच हवं ना? (२) ६७००४१७ मूळ आहे हे कुणी तपासलं का इथे, की सगळे गृहीत धरून चाललेत?

कर्णरेषा

(१) नको. २५७ ही याच मालिकेतली फ३ आहे आणि या मालिकेतल्या कुठल्याही दोन संख्या सहमूळ असतात. कारण ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. २५७ ने मोठीला भागलं तर बाकी २ च येणार. म्हणजे ल्यूकाच्या यादीत करावा लागणारा पहिला भागाकार थेट ६४१ चा.

(२) शंका रास्त आहे. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ आणि थोडं. तिचा प्रत्येक मूळ अवयव आपल्या संख्येचाही अवयव, म्हणून १२८क + १ या रूपातलाच. २५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाकीच्या (८९७, १०२५, १२८१, १५३७, १६६५, १७९३, १९२१, २०४९, २१७७, २३०५, २४३३, २५६१ वगैरे) स्वतःच संयुक्त आहेत.

६७००४१७ ला भागून उरणारी बाकी:
२५७ ने १७०
६४१ ने ४४
७६९ ने १२०
११५३ ने ३३४
१४०९ ने ६२२

एकही शून्य नाही. म्हणून मूळ. २५७ वर सांगितल्याप्रमाणे वगळता येतो, तरी यादीत ठेवला. एरवी २५८८ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागावं लागलं असतं, म्हणजे पावणेचारशेच्या घरात भागाकार.

बिटबाय

आता ती सी भाषेची गोष्ट. सी, जावा आणि पायथॉनमध्ये ^ म्हणजे घात नव्हे, एक्सॉर (दोन संख्यांचे बिट वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०). त्यातून बेरजेला त्याच्यापेक्षा जास्त प्राधान्य. म्हणून २^३२+१ लिहिलं की ते २^३३ होतं आणि उत्तर येतं ३५. ("मूळ नाही" हे मात्र त्यावरूनही बरोबरच येतं.)

दुसरा खड्डा शिफ्टचा. जावात १ ला ३२ बिट डावीकडे सरकवलं तर ३२-बिट इंटमध्ये सरकवण्याचा आकडा ३२ ने भागून बाकीच घेतली जाते, म्हणजे शून्य बिट सरकतं आणि उत्तर १. त्यात १ मिळवलं की २. सी मध्ये तर हे अव्याख्यातच आहे. कंपायलर काहीही देऊ शकतो. आधी ६४-बिट प्रकार घ्या, मग सरकवा. आणि कंस टाका, नाहीतर बेरीज आधी होऊन १ ला ३३ बिट सरकवलं जातं.

३२-बिट अनसाइन्ड चलात ही संख्या साठवली तर १ उरतो. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४२९४९६७२९५.

एक चांगली बाजूही आहे. या संख्येने भागून बाकी काढायला भागाकार लागतच नाही. २^३२ ची बाकी −१ असल्यामुळे ६४-बिट संख्येचे दोन तुकडे करा, वरचे ३२ बिट आणि खालचे ३२ बिट. बाकी = खालचा − वरचा. उणे आलं तर एकदा ४२९४९६७२९७ मिळवा. उदाहरणार्थ ३^१६ = ४३०४६७२१. त्याचा वर्ग १८५३०२०१८८८५१८४१. वरचा तुकडा ४३१४३९, खालचा ३७९३६३२८९७. वजाबाकी ३७९३२०१४५८. ही ३^३२ ची बाकी.

याच वर्गावर एक्सेलवाले अडकतात. १८५३०२०१८८८५१८४१ मध्ये सोळा अंक आहेत, एक्सेल पंधराच सार्थ अंक दाखवतं, म्हणून सेलमध्ये शेवटी १ च्या जागी ० दिसतो. पुढच्या वर्गाला तर सगळंच हाताबाहेर: एक्सेल वापरतं त्या ६४-बिट "डबल" प्रकारात २^५३ च्या पुढे पूर्णांक अचूक राहत नाहीत. साइन्ड ६४-बिटमध्येही इथेच ओव्हरफ्लो, कारण ३०३७०००४९९ पेक्षा मोठ्या संख्येचा वर्ग त्यात मावत नाही आणि आपली बाकी ३७९ कोटींची आहे. अनसाइन्ड ६४-बिट घ्या.

शेषफळ

तुकड्यांची युक्ती पेपँच्या कसोटीसाठी अगदी योग्य. ही कसोटी १८७७ ची: ३ पासून सुरू करा, वर्ग करा, बाकी घ्या, पुन्हा वर्ग. आपल्या संख्येसाठी असं ३१ वेळा. शेवटी −१, म्हणजे ४२९४९६७२९६ आलं तरच संख्या मूळ.

पायऱ्या: ३, ९, ८१, ६५६१, ४३०४६७२१, ३७९३२०१४५८ ... आणि ३१ व्या वर्गानंतर १०३२४३०३. हे −१ नाही. खेळ खलास. आणखी एकदा वर्ग केला तर ३०२९०२६१६० येतं. संख्या मूळ असती तर इथे १ यायला हवा होता.

हे दोन शेवटचे आकडे प्रोग्रॅम तपासायला ठेवा. ३७९३२०१४५८ बरोबर आणि १०३२४३०३ चूक येत असेल तर गडबड ओव्हरफ्लोमध्ये, तर्कात नाही.

बिटबाय

एक भर. अनसाइन्ड ६४-बिटमध्येही एक जागा फुटते. बाकी ० पासून ४२९४९६७२९६ पर्यंत कुठलीही असू शकते आणि यातल्या एकाच किमतीचा वर्ग मावत नाही, तो म्हणजे शेवटची ४२९४९६७२९६. तिचा वर्ग बरोबर २^६४, आणि तो चलात ० होतो. १ यायला हवा तिथे ०, आणि एकदा ० आला की पुढे ० च.

पाया ३ घेतला (म्हणजे वर्ग करायला ३ पासून सुरुवात केली) तर या किमतीशी गाठ पडत नाही. मध्ये कुठे −१ आली असती तर पुढच्या सगळ्या बाक्या १ आल्या असत्या, आणि शेवटी १०३२४३०३ आलंय.

पण पाया २ घ्या: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६. पाचव्या वर्गातच नेमकी तीच किंमत! पुढे ०, ०, ०. प्रोग्रॅम म्हणतो "१ आला नाही, म्हणजे संयुक्त". उत्तर बरोबर, कारण साफ चूक. असा प्रोग्रॅम ६५५३७ वर कधी पकडला जाणार नाही, कारण तिथे ओव्हरफ्लो होतच नाही. पायथॉनमध्ये पूर्णांकांना मर्यादा नाही, तिथे तीन किमती घेणारं पॉव फंक्शन वापरून पडताळून घ्या.

कर्णरेषा

आणि खरं उत्तर ० नाही, १ आहे! म्हणजे पाया २ ची फर्मा कसोटी ही संख्या उत्तीर्ण होते. २^६४ ची बाकी १, आणि आपल्या संख्येतून १ वजा केल्यावर उरणारे २^३२ हे ६४ च्या पटीत. म्हणून २^(संख्या − १) ची बाकी १. मिलर-राबिनची कडक कसोटीही पाया २ ने उत्तीर्ण, कारण वाटेत −१ रीतसर येऊन जातो. संयुक्त असूनही अशी कसोटी उत्तीर्ण होणाऱ्या संख्येला पाया २ ची छद्ममूळ संख्या म्हणतात. नुसती हीच नव्हे, या मालिकेतल्या सगळ्याच संयुक्त संख्या तशाच.

पोलार्डच्या प−१ पद्धतीतही पाया २ दगा देतो. त्या पद्धतीत पायाचा एक मोठा, भरपूर छोट्या अवयवांचा घात घेतात, त्यातून १ वजा करतात आणि आपल्या संख्येशी मसावि काढतात. ६४१ − १ = ६४० = २^७ × ५. याहून सोपं सावज मिळायचं नाही. पण पाया २ घेतला तर मसावि आधी १ येत राहतो आणि मग एकदम पूर्ण संख्याच हातात येते. कारण वर सिद्ध केलंय: २ चा क्रम ६४१ साठीही ६४ आणि ६७००४१७ साठीही ६४. दोन्ही अवयव एकाच क्षणी गळाला लागतात आणि वेगळे होत नाहीत.

पाया ३ घ्या आणि घात १!, २!, ३! असे वाढवत न्या. ७! = ५०४० मध्ये २ चा चौथाच घात आहे, तो अपुरा. ८! = ४०३२० मध्ये २^७ आणि ५ दोन्ही आले. मसावि = ६४१. दुसरा अवयव इथे अडकत नाही, कारण ६७००४१६ = २^७ × ३ × १७४४९, आणि त्या १७४४९ पर्यंत आपण पोहोचलेलोच नसतो.

तात्पर्य, ज्या संख्येची घडण २ च्या घातावर आहे तिला पाया २ ने काही विचारू नये. ती नेहमी सोयीचं उत्तर देते.

नाशिकचा_सायकलस्वार

देवळालीच्या कापरेकरांच्या नजरेतून कुणी बघितली का ही संख्या? हर्षद (अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) वगैरे आहे का?

शेषफळ

हर्षद नाही. अंकांची बेरीज ५९, आणि आपल्या संख्येला १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः यांच्याशिवाय विभाजकच नाही.

पण दशमान अंकांचाच खेळ हवा असेल तर ६४१ कडे बघा. वरच्या सिद्धतेत ५^४ च्या जागी −२^४ येतात. त्याचा पुन्हा चौथा घात करा: ५^१६ च्या जागी २^१६. मग १०^१६ = ५^१६ × २^१६, त्याची बाकी २^३२ एवढीच, म्हणजे −१. अर्थात ६४१ हा २^३२ + १ लाच नव्हे, १०^१६ + १ लाही भागतो:

१००००००००००००००००१ नको, शून्यं मोजून लिहितो: एक, मग पंधरा शून्यं, मग एक. भागाकार १५६००६२४०२४९६१.

त्यामुळे १/६४१ चा दशांश विस्तार ३२ अंकांनी आवर्ती होतो:

०.००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९ ...

पहिले सोळा अंक आणि पुढचे सोळा एकाखाली एक मांडा. प्रत्येक जोडीची बेरीज ९. हे १०^१६ ची बाकी −१ असल्याचं थेट फळ.

पाटीवरचा_खडू

याला म्हणतात एका दगडात दोन पक्षी. आठवी-नववीच्या मुलांना भागाकार करायला द्यावा असा आहे. अर्धा विस्तार काढा, उरलेला अर्धा ९ मधून वजा करत लिहा.

ब्रह्मकमळ

अवयवांकडून उलट दिशेने जाऊ. इथे भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताची गाठ पडते. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने जे अधिक व्यापक सूत्र दिलं त्याचाच हा साधा प्रकार: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीज होतो, आणि तोही दोन तऱ्हांनी.

(अ² + ब²)(क² + ड²) = (अक + बड)² + (अड − बक)² = (अक − बड)² + (अड + बक)²

आपले दोन्ही अवयव ४ ने भागून बाकी १ देणारे, म्हणून दोन्ही दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येतात, प्रत्येकी एकाच प्रकारे:

६४१ = २५² + ४²
६७००४१७ = २५५६² + ४०९² (६५३३१३६ + १६७२८१)

आता गुणा. २५ × २५५६ = ६३९००. ४ × ४०९ = १६३६. २५ × ४०९ = १०२२५. ४ × २५५६ = १०२२४.

पहिली तऱ्हा: ६३९०० + १६३६ = ६५५३६, आणि १०२२५ − १०२२४ = १. म्हणजे ६५५३६² + १². ही तर आपल्या संख्येची मूळ ओळखच!

दुसरी तऱ्हा: ६३९०० − १६३६ = ६२२६४, आणि १०२२५ + १०२२४ = २०४४९. म्हणजे ६२२६४² + २०४४९². पडताळा: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१ = ४२९४९६७२९७.

१०२२५ आणि १०२२४ मधला तो एकाचा फरक बघा. सगळी संख्या त्या एकावर उभी आहे. जाता जाता, २०४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग.

कर्णरेषा

सुंदर. आणि हे उलट चालवलं की ऑयलरची अवयव काढायची पद्धत होते. एकच संख्या दोन तऱ्हांनी दोन वर्गांची बेरीज असेल तर ती मूळ नाहीच, आणि अवयव लगेच मिळतात. समजा ६४१ माहीतच नाही, फक्त या दोन मांडण्या हातात आहेत.

सम सम एकीकडे, विषम विषम दुसरीकडे:
६५५३६ − ६२२६४ = ३२७२
६५५३६ + ६२२६४ = १२७८००
२०४४९ − १ = २०४४८
२०४४९ + १ = २०४५०

३२७२ आणि २०४४८ यांचा मसावि ८. भागून ४०९ आणि २५५६.
१२७८०० आणि २०४५० यांचा मसावि ५०.

दोन्ही मसावि निम्मे करा: ४ आणि २५. एक अवयव ४² + २५² = ६४१. दुसरा ४०९² + २५५६² = ६७००४१७.

सम-विषम जोड्या लावताना गल्लत केली (६५५३६ मधून २०४४९ वजा केले) तर सगळे फरक विषम येतात आणि मसावि निम्मा होत नाही. तिथेच थांबा आणि जोड्या बदला.

व्यवहारात मात्र दुसरी मांडणी शोधणं हेच जड काम आहे. संख्येच्या शेवटी ७ आहे. सम वर्ग ०, ४, ६ ने संपतात, विषम वर्ग १, ५, ९ ने. बेरजेच्या शेवटी ७ यायला ६ + १ हाच मार्ग. म्हणून विषम संख्या १ किंवा ९ ने संपणारी, सम संख्या ४ किंवा ६ ने. एवढी चाळणी लावूनही २०४४९ पर्यंत पोहोचायला चार हजारांवर वर्ग तपासावे लागतात. ल्यूकाच्या यादीत पहिलाच भागाकार ६४१ चा, हे लक्षात घ्या.

मनीमाऊ_७

या सगळ्याचा बाहेर कुठे उपयोग आहे का? की नुसतीच मौज?

बिटबाय

एक उपयोग तर "ही संख्या मूळ नाही" यावरच अडलेला आहे. आयडिया नावाची कूटपद्धती (मोबाइल कंपनी नव्हे) १६-बिट तुकड्यांवर चालते आणि त्यांचा गुणाकार ६५५३७ च्या बाकीत करते. ६५५३७ मूळ असल्यामुळे शून्य सोडून प्रत्येक बाकीला व्यस्त (जिने गुणल्यावर बाकी १ येते ती संख्या) मिळतो, म्हणून उलट दिशेने उलगडता येतं. हीच रचना ३२-बिटवर न्यायची तर मापांक म्हणून ४२९४९६७२९७ लागेल, आणि तिथे घोडं पेंड खातं. ६४१ च्या पटीतल्या ६७००४१६ आणि ६७००४१७ च्या पटीतल्या ६४० अशा ६७०१०५६ शून्येतर बाक्यांना व्यस्तच नाही. प्रमाण साधारण ६४१ त एक. चाचणीत हजार-दोन हजार यादृच्छिक किमती टाकल्या तरी दोन-तीनदा आपटेल, पण शंभर किमतींत बहुतेक वेळा दिसणारही नाही. तेच धोक्याचं.

ब्रह्मकमळ

भूमितीतही. गाऊसच्या निकषानुसार पट्टी-कंपासने ४२९४९६७२९५ बाजूंचा सुसम बहुभुज रचता येतो, कारण ती संख्या पाच वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा (याच मालिकेतल्या मूळ संख्यांचा) गुणाकार आहे. विषम बाजूंचा याहून मोठा रचनीय बहुभुज आज माहीत नाही. दोनच बाजू वाढवून ४२९४९६७२९७ केल्या की रचना अशक्य: ६४१ किंवा ६७००४१७ यातली एकही फर्मा मूळ संख्या नाही.

नाशिकचा_सायकलस्वार

मग फ५ नंतर या मालिकेत एखादी तरी मूळ निघाली का?

शेषफळ

एकही नाही. फ५ पासून फ३२ पर्यंत सगळ्या संयुक्त असल्याचं सिद्ध झालंय. फ६ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. तिचे अवयव २५६क + १ या रूपाचे आणि पहिला क = १०७१ ला मिळतो, म्हणून हाताने करायचं तर कंबर कसावी लागते. फ७ फुटायला १९७० उजाडलं. संपूर्ण अवयव फ११ पर्यंतच माहीत आहेत. फ२० आणि फ२४ यांचा तर एकही अवयव माहीत नाही; त्या संयुक्त आहेत हे पेपँच्या कसोटीनेच कळलं, म्हणजे वर जी ३ पासून वर्ग करत जाण्याची कृती आहे तीच, फक्त फ२४ साठी दीड कोटीहून जास्त वेळा.

फ३३ मूळ की संयुक्त हे अजून ठरलेलं नाही. तिच्यात सुमारे २५८ कोटी अंक आहेत आणि कसोटीला ८५८ कोटींहून जास्त वर्ग लागतील, प्रत्येक वर्ग एवढ्याच लांबीच्या संख्येचा.

बिटबाय

आणि तो करायला बसलात तर पाया ३ घ्या. २ नको.